नव्या शेडची पहिली गळती: नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन

अभिनंदन! तुम्ही गच्चीवर शेड करून घेतलीत. वर पॉलीकार्बोनेट, तीन बाजूंना काचेचं स्लायडिंग, आत वेताच्या दोन खुर्च्या, एक झोपाळा आणि नर्सरीतून आणलेली अरेका पामची कुंडी. पावसाळ्यात इथे बसून भजी खायची, असं तुम्ही मार्चपासून येईल त्या पाहुण्याला सांगत होतात. आता मृग लागला आहे, भजी तळून झाली आहेत आणि पाऊस तुमच्या आधी खुर्चीवर येऊन बसला आहे.

घाबरू नका. असं होणारे तुम्ही पहिले नाही. तुमच्या सोसायटीतसुद्धा नाही. बाकीचे लोक अनुभवी आहेत आणि तुम्ही नवशिके, एवढाच काय तो फरक. तो भरून काढण्यासाठी हा प्रपंच. मात्र एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: गळती कशी थांबवावी हे इथे शिकवलं जाणार नाही. ते फार सोपं असतं आणि त्यात चार महिने जात नाहीत. इथे आपण शिकणार आहोत ते गळती आणि बेपत्ता फॅब्रिकेटर, या दोन्ही गोष्टी मृगापासून हस्तापर्यंत टिकवून कशा धरायच्या.

१. पाया उन्हाळ्यातच घाला

गळती जूनमध्ये दिसते, पण तिची तयारी एप्रिलमध्येच करावी लागते. ज्यांनी ती केली नाही, त्यांची शेड कोरडी राहण्याचा धोका संभवतो.

तीन फॅब्रिकेटर बोलवा. पहिला जागा बघेल, भिंतीवर बोटानं टकटक करेल, टेपनं उंची मोजेल, 'भिंतीला खाच मारावी लागेल, प्लास्टर परत करावं लागेल' असं काहीबाही कटकटीचं बोलेल आणि आकडाही जास्त सांगेल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. दुसरा 'पक्कं बिल देतो' म्हणेल. बिल म्हटलं की १८ टक्के जीएसटी आला, म्हणजे हाही गेला. तिसरा जिन्यातूनच 'होऊन जाईल, साहेब' म्हणत वर येईल. हा तुमचा माणूस. त्याचं कोटेशन त्याच्याच व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या बाजूला मावतं: '१२ बाय १०, पॉली, स्लायडिंग ३ साइड, सिलिकॉनसकट'. खाली आकडा, आकड्याभोवती गोल. 'गॅरंटी काय?' असं विचारायची पद्धत आहे, तेव्हा विचारा. तो म्हणेल, 'दहा वर्षं बघायला नको.' कोणी बघायला नको, हा खुलासा मागू नका.

आता पैसे. निम्मे कामाआधी, थोडे माल गच्चीवर चढला की आणि उरलेले सगळे काम संपल्याच्या संध्याकाळी, आभाळात औषधालासुद्धा ढग नसताना. काही संशयी लोक पाचदहा टक्के रक्कम पहिल्या दोन मोठ्या पावसांपर्यंत रोखून धरतात. अशा माणसांना फॅब्रिकेटरचा फोन पहिल्या रिंगला लागतो, त्यामुळे पुढचे सगळे धडे त्यांना निरुपयोगी आहेत. त्यांनी इथेच थांबावं. तुम्ही मात्र 'कशाला कोणाचे पैसे अडकवायचे' म्हणत, वर पोरांच्या चहापाण्याला दोनशे रुपये देऊन हिशोब मिटवा.

२. तांत्रिक प्रश्न विचारून कारागिराचा अपमान करू नका

विशेषतः हे चार.

उतार. पॉलीकार्बोनेटच्या छताला निदान ५ अंशांचा उतार हवा, म्हणजे दर मीटरला साधारण ९ सेंटिमीटर. तुमच्या शेडला उतार नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. तो आहे, फक्त भिंतीकडे आहे. समोरून शेड उंच दिसते, फोटो छान येतो. पाण्याला फोटोशी काही देणंघेणं नसतं, ते भिंतीपाशी जाऊन साचतं.

भोकं. पॉलीकार्बोनेट उन्हात वाढतं, गारव्यात आकसतं. तीन मीटर लांबीचं शीट तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाला जवळजवळ ८ मिलिमीटर हलतं. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं आणि वर रुंद रबरी वॉशर बसवायचा. तुमच्याकडे स्क्रू मशिननं थेट आरपार मारलेत, अगदी कचकचून. मे महिन्यात दुपारी वरून टक्, टक् असा आवाज यायचा ना? तेव्हा तुम्ही म्हणालात, पाल असेल. शीट एकेक भोक आपल्या सोयीनं मोठं करून घेत होतं.

नळ्या. शीटच्या पोटात बारीक नळ्या असतात. त्या उताराच्या दिशेनं यायला हव्यात आणि त्यांची वरची तोंडं टेपनं बंद करायला हवीत. आडव्या टाकल्या की माल कमी वाया जातो, म्हणून तुमच्या आडव्या आहेत. त्यांत पाणी शिरेल, ऑगस्टपर्यंत शेवाळ धरेल आणि खाली हिरवट उजेड पडेल. पाहुण्यांना सांगा, मुद्दाम हा शेड निवडलाय, डोळ्यांना थंड वाटतं.

फ्लॅशिंग. हा शब्द तर तोंडातून काढूच नका. शेड जिथे भिंतीला भिडते तिथे भिंतीत खाच मारायची, वाकवलेल्या पत्र्याची एक कड त्या खाचेत सरकवायची, दुसरी शीटवर उतरवायची आणि वरून प्लास्टर करायचं, असला तो उपद्व्याप. (पहिला फॅब्रिकेटर आठवला? त्याच्या तोंडाला लागू नये ते यासाठीच.) शेडच्या वर तुमच्या बिल्डिंगची जी उघडी भिंत आहे, तिच्यावर वाऱ्यानं आपटलेला सगळा पाऊस ओघळत बरोबर ह्या सांध्यात उतरतो. तिथे तुमच्याकडे सिलिकॉनची एक पांढरी रेघ आहे. ती भिंतीला चिकटलेली नाही, भिंतीच्या रंगाला चिकटलेली आहे. आणि रंग भिंतीला कितपत चिकटलाय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सोसायटीचं रंगकाम झालं त्या वर्षी कमिटीवर तुम्हीच होतात.

३. पहिला थेंब पडला की नाकारा

मृगाच्या सरीत पहिला थेंब पडेल. घरातून आवाज येईल, 'अहो, वरून गळतंय!' यावर एकच उत्तर द्यायचं: 'गळत नाहीये, बाष्प धरलंय.' बाष्प गारठ्याच्या पहाटे धरतं, पाऊस नसतानाही धरतं आणि त्यानं बादली भरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बोलू नका.

दुसऱ्या दिवशी नाकारणं अवघड होईल, कारण तोवर उशी भिजलेली असेल. मग शोधमोहीम काढा. थेंब पडतो त्याच्या बरोबर वर बोट दाखवून 'हे बघ, इथून!' असं ओरडा. तिथून नसतंच. पाणी भिंतीच्या सांध्यातून शिरतं, चौकोनी पाइपाच्या खालच्या अंगानं सरकत येतं आणि जिथे वेल्डिंगचा गोळा आडवा येतो तिथे सुटून खाली पडतं. गळण्याची जागा आणि पडण्याची जागा यांत दोनतीन फुटांचं अंतर सहज असतं. ह्या अंतरावर तुमचा पुढचा सगळा पावसाळा निघणार आहे, तेव्हा त्याचा आदर करा.

४. बादल्या

थोडं गणित करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. १२ बाय १० फुटांची शेड म्हणजे ११ चौरस मीटर. ५० मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला की तुमच्या छतावर ५५० लिटर पाणी आलं; आंघोळीच्या वीस लिटरच्या बादल्यांत मोजायचं तर सत्तावीस भरून वर थोडं उरतं. भिंतीवरून ओघळून येणारं यात धरलेलं नाही. पुण्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, मुंबईत त्याच्या तिपटीहून जास्त आणि महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. त्यामुळे पुणेकरांनी कोकणातल्या नातेवाइकांना फोनवर गळतीचं रडगाणं सांगताना आवाज जरा बेतानं ठेवावा.

टपटप आवाजानं झोप लागत नसेल तर बादलीत जुनं फडकं टाका. त्याहून चांगला उपाय सुतळीचा: एक टोक थेंब सुटतो तिथे पाइपाला बांधायचं, दुसरं बादलीत सोडायचं, पाणी सुतळीवरून गुमान उतरतं. दिवाळीत ह्याच सुतळीला आकाशकंदील लावता येतो. झोपाळ्याखाली घमेलं ठेवू नका. ठेवलंच तर झोका घेऊ नका.

५. फोन करायला शिका

हा आपल्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे, इथे घाई नको.

पहिला फोन लागेल. तो उचलेल आणि 'बोला साहेब' असं अतिशय प्रेमानं म्हणेल, कारण कोण बोलतंय हे त्याला कळलेलं नाही. कळल्यावर म्हणेल, 'उद्या माणूस पाठवतो.' दुसरा फोन लागणार नाही. मग बायकोच्या मोबाइलवरून करा, तो उचलेल. तिसऱ्या वेळी मुलाच्या, मग वॉचमनच्या, मग इस्त्रीवाल्याच्या. प्रत्येक नंबर एकदाच चालतो, म्हणून ते जपून वापरा. जूनमध्येच सगळे उधळून बसलात तर हस्तात काय करणार? पाहुण्यांना जेवायला बोलवायचा एक फायदा हाही आहे.

व्हॉट्सॲपवर गळतीचा व्हिडिओ पाठवा. दोन निळ्या खुणा येतील आणि जोडलेले हात येतील. त्या हातांचा अर्थ लावत बसू नका. त्याचं स्टेटस मात्र रोज बघा: नव्या साइटचे फोटो, स्वच्छ निळ्या आभाळाखाली झळकणारी नवी शेड, समोर हसणारं कुटुंब, त्यावर गाणं. निदान माणूस खुशाल आहे, एवढं समाधान मिळतं.

अधूनमधून तो बोलतोही, आणि तेव्हा कारण देतो. कारणं नक्षत्रवार पाठ करून ठेवलीत तर प्रत्येक वेळी नव्यानं धक्का बसत नाही.

मृगात पोरं पेरणीला गावाला गेलेली असतात. शेतकऱ्याच्या पोटावर पाय कसा आणणार? गप्प बसा. आर्द्रात ती वारीला गेलेली असतात. पांडुरंगापुढे तुमच्या झोपाळ्याची काय कथा? पुनर्वसूचा तरणा पाऊस जोरात असतो आणि तो म्हणतो, 'एवढ्या पावसात पोराला वर चढवू? घसरला तर कोण जबाबदार?' बरोबरच आहे त्याचं.

मग येतो पुष्य, म्हातारा पाऊस, दिवसभर पिरपिर. तेव्हाचं कारण: 'ओल्यात सिलिकॉन धरत नाही, साहेब. उघडीप पडू द्या.' हे कारण ऐकताना मान डोलवा, कारण ते शंभर टक्के खरं आहे. सिलिकॉन कोरड्या, स्वच्छ जागेवरच धरतं. तुम्ही वाट बघता. आश्लेषात उघडीप पडते, कडक ऊन पडतं, तुम्ही आनंदानं फोन लावता. तो विचारतो, 'आत्ता गळतंय का?' तुम्ही म्हणता, 'आत्ता नाही, पण...' 'मग कुठे मारू सिलिकॉन? जागा दिसायला नको का? गळायला लागलं की लगेच फोन करा.' पाऊस असताना काम होत नाही आणि पाऊस नसताना काम नसतं. ह्या युक्तिवादात फट शोधायचा नाद सोडा. त्याच्या हातून झालेलं एवढं एकच काम पूर्णपणे वॉटरप्रूफ आहे.

मघा, पूर्वाच्या सुमारास गणपती येतात आणि त्यानं मंडळाचा मांडव घेतलेला असतो. उत्तरा लागेपर्यंत पितृपक्ष: 'पितृपक्षात नवीन काम धरत नाही, साहेब.' 'अहो, पण हे जुनं काम आहे,' असं म्हणून बघा. तो म्हणेल, 'मग तर दसऱ्यानंतरच बघू.'

६. माणूस येतो

एखाद्या दुपारी, तुम्ही आशा सोडल्यावर, बेल वाजते आणि दारात 'माणूस' उभा असतो. फॅब्रिकेटर नव्हे, त्याचा माणूस, विशीच्या आतबाहेरचा. तुमची शेड त्यानं केलेली नाही, आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. त्याच्याजवळ सिलिकॉनची एक ट्यूब आणि एक गन आहे. शिडी, स्टूल, कटर, फडकं आणि प्यायचं पाणी तुम्ही द्यायचं.

'कुठे गळतंय?' तुम्ही दाखवता. तो स्टुलावर चढतो आणि थेंब जिथे पडतो तिथे, आतल्या बाजूनं, खालून वर सिलिकॉन मारतो. वर छतावर जायचं नसतं, वर पाणी असतं. जुनं सिलिकॉन खरवडायचंही नसतं. वास्तविक जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही, पण खरवडायला वेळ लागतो आणि त्याला पुढे दुसऱ्या साइटवर जायचंय. ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो. असा वास मारणारं स्वस्तातलं सिलिकॉन काचेला छान धरतं, सिमेंटच्या भिंतीला नीट धरत नाही. पोरगं तर्जनी जिभेला लावतं आणि रेघेवरून एका झटक्यात टोकापर्यंत फिरवतं. ही एक गोष्ट मात्र त्याला फार सुंदर जमते, हे मान्य करायला हवं. मग बोट तुमच्या पडद्याला पुसतं.

ट्यूबचे तीनशे रुपये द्या. पावती मागू नका. जिना उतरता उतरता तो तज्ज्ञाचा सल्ला देईल: 'चोवीस तास पाणी लागू देऊ नका.' जुलै आहे. हो म्हणा.

संध्याकाळी पाऊस आला की दिसेल, झोपाळ्यावरची गळती पूर्णपणे थांबली आहे आणि खुर्चीवर सुरू झाली आहे. कामाचं समाधान म्हणतात ते हेच. बादली दीड फूट डावीकडे सरकवा.

७. सल्लागारांना फार वेळ देऊ नका

शेजारचे म्हणतील एम-सील लावा. मेव्हणा म्हणेल डांबर. चुलतभाऊ परदेशातल्या एका टेपबद्दल सांगेल, ती इथे मिळत नाही. सगळ्यांचं ऐका आणि शेवटी सगळे करतात तेच करा: फ्लेक्स आणा. निवडणूक, वाढदिवस, दहीहंडी, यांतलं काहीतरी नुकतंच होऊन गेलेलं असतंच. फ्लेक्स छतावर पसरा, चार कोपऱ्यांना विटा ठेवा. छापील बाजू वर ठेवायची, हे लक्षात असू द्या. घाईत उलटा टाकलात, तर हिरवट शीटमधून भावी आमदार हात जोडून दिवसभर तुमच्या ताटाकडे बघत राहतात, भोवती गोल चौकटीत शुभेच्छुक. काही कुटुंबांना याची इतकी सवय होते की फ्लेक्स काढल्यावर जेवण जात नाही.

८. कायद्याची भीती दाखवा

फोनवर एकदा तरी 'मी ग्राहक मंचात जाईन' असं म्हणून घ्या. ऑगस्ट उत्तम. म्हटल्यावर हलकं वाटतं.

प्रत्यक्ष जायचं ठरवलंत तर फारच सोपं आहे, म्हणून नवशिक्यांना आम्ही सहसा सुचवत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली निकृष्ट सेवेची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. वकील लागतोच असं नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी १९१५ ह्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोलता येतं, आणि गंमत म्हणजे तिथे फोन उचलतात. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा, असंही कायद्यात लिहिलं आहे. ते वाचताना हसू नये, आयोगाचा मान राखावा.

अर्ज काढा. पहिलाच रकाना: सामनेवाल्याचं नाव आणि पत्ता. आता मोबाइल उघडा. तो तुमच्याकडे 'शेडवाला नवीन' म्हणून सेव्ह आहे. आडनाव? वर्कशॉप पुलाखालून डावीकडे, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे, एवढं माहीत आहे. व्हिजिटिंग कार्डावर देवाचा फोटो, दोन मोबाइल नंबर आणि 'ऑल टाइप्स ऑफ फॅब्रिकेशन' आहे. नाव छापायला जागा उरली नसावी. ऑनलाइन पैसे भरले असते तर त्याची नोंद पुरावा म्हणून चालली असती, व्हॉट्सॲपवरचे मेसेजही जोडता आले असते. पण रोख दिले तर दोन हजार कमी करतो म्हणाला होता. आणि तक्रार लिहिता लिहिता एक बारीकसा प्रश्न मनात येईल: गच्चीवर शेड घालायला महापालिकेची परवानगी लागते, ती कुठे आहे? फॅब्रिकेटर म्हणाला होता, 'सगळेच करतात, साहेब.' अर्ज घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवा, आरोग्य विम्याच्या कागदांखाली.

९. खालच्या मजल्यावरचे काका

इथवर आलात म्हणजे तुम्ही नवशिके राहिलेला नाहीत. आता परीक्षा.

तुमच्या शेडमधलं पाणी फरशीवर साचतं, फरशीच्या सांध्यांतून मुरतं आणि एके सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या हॉलच्या छताला तपकिरी नकाशा उमटतो. काका वर येतात, चप्पल बाहेर काढतात, शेडकडे बघतात. फार सज्जन माणूस. 'जरा बघून घ्या, यंदा मुलीचं लग्न आहे,' एवढंच म्हणतात.

तुम्ही काय म्हणाल? आठवा, काय काय शिकलात. 'उद्याच माणूस बोलावलाय, काका.' चार दिवसांनी त्यांचा फोन: 'एवढ्या पावसात कोणी वर चढायला तयार नाही हो.' मग उघडीप पडल्यावर: 'आत्ता गळतंय का, काका? नाही ना?' काकांनी पाठवलेल्या फोटोवर जोडलेले हात पाठवा. मग त्यांचा नंबर दिसला की फोन उलटा ठेवा. पुढच्या आठवड्यात एक अनोळखी नंबर येईल, तुम्ही प्रेमानं 'बोला' म्हणाल आणि पलीकडे काकू असतील. त्यांचा नंबरही ओळखून ठेवा. वॉचमनचा तुमच्याकडे आहेच, त्यावरून ते करणारच.

काका सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढतील. कमिटी एक उपसमिती नेमेल आणि ती पाहणी करायला येईल. कधी, ते उपसमिती कळवेल.

१०. तो स्वतः येतो

हस्त संपतो. दसरा होतो. एका स्वच्छ सकाळी फॅब्रिकेटर स्वतः हजर होतो, न बोलावता, स्कूटरवरून, कपाळाला टिळा, हातात टेप. बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी शेडचं माप घ्यायला आला होता, म्हणून 'म्हटलं साहेबांना भेटून जाऊ'. भांडायची तुमची तयारी चार महिन्यांपासून झालेली आहे, पण तो 'काकू, पाणी द्या' म्हणत आत येतो आणि खुर्चीवर बसतो. घरात आलेल्याला पाणी नाही म्हणता येत नाही. चहाही टाकावा लागतो.

चहा पिता पिता तो वर बघतो, जीभ टाळूला लावून च्च् करतो आणि विचारतो, 'हे कोणी केलं?'

त्याला आठवण करून द्या. तो चकित होणार नाही. 'तेव्हा ते पोरगं होतं आपल्याकडे, काढलं त्याला,' म्हणेल. फ्लॅशिंगचा विषय काढलात तर, 'ते कोटेशनमध्ये नव्हतं' असं म्हणेल, आणि ते खरं आहे, व्हिजिटिंग कार्ड बघा. मग तो उभा राहून टेप पसरेल आणि उपाय सांगेल: ह्या शेडच्या वर फूटभर अंतर सोडून पत्र्याची दुसरी शेड. पत्रा पुढे काढू, मागे भिंतीला चढवू, एक थेंब येणार नाही. खालच्या शीटला हातच लावायचा नाही, ते राहू दे शोभेला. शीटचा मूळ उद्देश उजेड येणं हा होता, असला वाद आता घालू नका. रंग विचारेल, निळा की लाल. निळा सांगा, निळा त्याच्याकडे आधीच्या साइटवरचा उरलेला आहे. निम्मे पैसे आजच द्यायचे, कारण पत्र्याचा भाव सोमवारी वाढणार आहे.

दिवसासुद्धा आत अंधार होईल, हे त्यानंच आधी सांगितलं, हा त्याचा प्रामाणिकपणा. त्यासाठी दिव्याची सोय करावी लागेल, इलेक्ट्रिशियन त्याच्या ओळखीचा आहे. वायर वरून खाली घ्यायला शीटमध्ये एक भोक लागेल, मधोमध, झोपाळ्याच्या बरोबर वर. स्टूल तुम्हीच धरा.